खालच्या मजल्यावर पिठलं-भात

१२ जानेवारी. या आठवड्यात जिना पुसायची पाळी आमची. आमच्या या जर्मन इमारतीत ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला लाकडी पाटी अडकवतात. मी वरून एकेक पायरी पुसत उतरत होते आणि फोनवर पुण्याच्या बहिणीला नेहमीचं ऐकवत होते, "इथे शेजार नाही गं, नुसत्या पाट्या आहेत."

तळाशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या ब्राउनबाई पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. ओल्या पायऱ्यांवर त्यांना बुटांचे ठसे उमटवायचे नव्हते. मी फोन ठेवला आणि बोलायचं म्हणून विचारलं, "मिस्टर दिसत नाहीत हल्ली?"

"ते ऑक्टोबरमध्ये गेले. तुम्ही भारतात होतात." मग म्हणाल्या, "तेव्हाची तुमची पाळी मीच केली. प्रवासातून आल्या आल्या त्रास नको म्हणून पुढची पाटीही तुमच्या दाराला उशिरा लावली."

पाळी टळली याचा मला तेव्हा आनंद झाला होता. जिना कोणी पुसला, हे विचारावंसं वाटलं नव्हतं. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात जातो, हे मी इथल्या लोकांना कौतुकाने सांगत आले. आणि परतल्यापासून रोज त्यांच्या दारावरून ये-जा करत होते.

पायऱ्या वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.

१३ जानेवारी. आज सकाळी मिरची न घालता पिठलं केलं, भात लावला आणि एक मजला उतरून त्यांची बेल वाजवली.