जावयानं जोडलेली हेडलाईट

गोंदियात माझं पंखे-मिक्सरचं दुकान आहे आणि त्यातलं काहीही मला दुरुस्त करता येत नाही. गिऱ्हाइकाचा पंखा बंद पडला की मी तो खोक्यात घालून कंपनीकडे पाठवतो. हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त सौंदडजवळच्या माझ्या सासुरवाडीला.

मंडईसाठी आम्ही सासरी गेलो होतो. (मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती जत्रा. तिला पाहुणे येतात, आणि पाहुण्यांबरोबर स्थळं येतात.) अशाच एका पाहुण्यानं माझ्या साळ्यासाठी, प्रमोदसाठी, नागऱ्याकडची मुलगी सुचवली. आधीची स्थळं कशी हुकली ते सांगत बसत नाही. सासूबाई रोज देवापुढे रडायच्या, एवढं पुरे. मुलीच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पाच वाजता बोलावलं.

जाताना उजेड असणार होता, येताना अंधार. आणि सासऱ्यांच्या जुन्या गाडीची हेडलाईट लागत नव्हती.

"कायले चिंता करून राहिला?" सासरे प्रमोदला म्हणाले. "घरात जावईबापू आहेत नं. लाईटचाच धंदा आहे त्यायचा."

इथंच मी खरं बोलायला हवं होतं. पण 'मला येत नाही' हे वाक्य म्हणायला सासुरवाडीत जावयाची जीभच वळत नाही. मी बाह्या सरसावून बॉनेट उघडलं.

बल्ब पाहिले, चांगले होते. फ्यूज पाहिला, तोही चांगला. इथं माझं ज्ञान संपलं. (तेही सकाळीच मोबाईलवर पाहिलेलं.)

"भाऊजी," प्रमोद हळूच म्हणाला. हा पोरगा स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः खोलतो. "गाडी धानाच्या पोत्याजवळ उभी राहते. उंदरानं वायर खाल्ली असन."

"जावईबापूच्या मधात बोलू नोको," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

एक तुटकी वायर लोंबत होती. ती मी सर्वांत जवळच्या वायरीला जोडली आणि वर भरपूर टेप गुंडाळला. हेडलाईटचं बटण दाबलं, काही नाही. वैतागून स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला आणि समोरची भिंत उजळली! हात उचलला, अंधार. पुन्हा दाबला, हॉर्न आणि उजेड दोन्ही. मी हेडलाईट हॉर्नला जोडली होती.

"लागली नं," सासरे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि तेच मला सहन होईना.

"हॉर्नची वायर काढून टाकू काय?" प्रमोदनं विचारलं. "मंग निस्ता उजेड पडन."

"जावईबापूनं लावलं ते काढाचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

या भानगडीत पाच घरीच वाजले. मी गाडीला हात लावला नसता तर आम्ही उजेडात पोचलो असतो, हे माझ्या बायकोनं बोलून दाखवलं नाही. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

अर्ध्या वाटेत अंधार पडला. प्रमोद चालवत होता, एक हात सतत हॉर्नवर. ट्रकवाले घाबरून बाजूला झाले. एक मोटारसायकलवाला सरळ बांधावर चढला आणि तिथून त्यानं आमच्या कुळाचा हिंदीत उद्धार केला. नव्या शर्टात प्रमोद घामानं भिजला होता. मागच्या सीटवर सासूबाईंचा जप सुरू होता, पण हॉर्नमध्ये तो देवाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

मुलीचं घर गल्लीच्या टोकाला. आम्ही गल्लीभर हॉर्न वाजवत गेलो. दारादारातून माणसं बाहेर आली, पोरं रडू लागली. स्वागताला हात जोडून उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांनी ते हात कानांवर नेले.

"एवढा हॉर्न काऊन?"

सासऱ्यांनी खरं ते सांगितलं, हॉर्न दाबल्याशिवाय लाईट लागत नाही.

"असं कोनं जोडलं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. जावयाची लाज जाते म्हणजे लेकीची जाते, हे त्या माणसाच्या रक्तात होतं.

"पोरानं," ते म्हणाले.

प्रमोदनं तोंड उघडलं. सासूबाईंनी डोळे वटारले. "हो जी," तो म्हणाला, "मीच." मी तेव्हाही गप्प बसलो, आणि मला माझीच किळस आली.

मुलगी आली, पोहे आले, चहा आला. सगळं झाल्यावर मुलीचे वडील सासऱ्यांना म्हणाले, "राग नोका मानू. पोरगा चांगला आहे. पण ज्याले एक वायर धड जोडता येत नाही, त्याच्या हाती पोरगी द्याची हिंमत होऊन नाही राहिली."

मग ते माझ्याकडे वळले. "तुमी समजदार दिसून राहिले. मघापासून एक शब्द बोलले नाही. तुमच्या घरी लग्नाचा भाऊ आहे काय?"

सासरचे तिघं आणि बायको, चौघंही माझ्याकडे पाहू लागले.

"नाही," मी म्हणालो.

आहे. धाकटा आहे, लग्नाचा आहे, आणि त्याला यातलं काही माहीत नाही. परवाच दुकानात येऊन म्हणाला, "दादा, तुह्या सासरकडं एखादी पोरगी असन तं पाहाय नं. तुले तिकडं लय मान आहे."