दहाव्या कॅसेटची जागा

आज सकाळी नव्या कपाटाचं माप घ्यायला सुतार आला. जुन्या फळीवरच्या माझ्या कॅसेट्सकडे बघून त्याने विचारलं, "काका, हे टोकाला रिकामं कशाला सोडलंय?"

मी नुसता हसलो. माझ्या लाडक्या रॉक बँडच्या नऊ कॅसेट्स तिथे ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्या शेजारी दहावीसाठी बोटभर जागा आहे. नववी आली तेव्हा मला नुकती मिशी फुटत होती. आता ती पांढरी झाली आणि बँडचा ड्रमर आजोबा झाला. परवा एका मुलाखतीत कुणीतरी त्यांच्या गायकाला नव्या गाण्यांबद्दल विचारलं, तर तो "बघू" म्हणाला. आपल्याकडे बघू म्हणजे नाहीच, हे मला कळतं. तरी गेले चार दिवस मी दाढी करताना शीळ घालतोय.

शिवाय नवी गाणी आलीच, तर ती फोनवर येणार. कॅसेट कोण काढतंय आता! पण जागा राहू दे. त्या नऊ कॅसेट्स मला कॉलेजात परत नेतात, आणि ही बोटभर जागा रोज सकाळी उठल्या उठल्या पेपर उघडायला लावते.

"मग नऊ कॅसेट्सचा खण धरतो," सुतार म्हणाला.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. लग्न झाल्यापासून ती या संगीताला भांड्यांची आदळआपट म्हणत आली आहे.

"दहाचा करा हो. यांची एक यायची आहे अजून."