दवाखाना चालवल्याचा पुरावा

माझे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान, डॉक्टर नव्हते. ही गोष्ट बाळापूरच्या पलीकडच्या त्यांच्या गावात सगळ्यांना माहीत होती आणि तिचा कोणाला त्रास नव्हता. गाव त्यांना डाक्टरसाहेब म्हणे. दाराबाहेरची पाटी मात्र दुसऱ्याच्या नावाची होती. अकोल्याच्या एका जुन्या डॉक्टरांकडे मावसाजी कंपाउंडर होते. ते डॉक्टर पूर्वी दर बाजाराच्या दिवशी गावात येत. पुढे ते मुलाकडे नागपूरला राहायला गेले. पाटी आणि मावसाजी जागेवर राहिले.

कायद्याप्रमाणे कंपाउंडरने डॉक्टरच्या सांगण्यावरून मिश्रण तयार करावे, पुड्या बांधाव्यात, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवावी. रोग्याला तपासणे आणि सुई टोचणे हे डॉक्टरचे काम. मावसाजी कायदा मानणारे गृहस्थ होते. त्यामुळे तो न मोडता सगळे कसे करता येईल, याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. घसा दुखणाऱ्याच्या हातात ते एक छोटा आरसा देत. "तोंड उघड आन् पाह. काय दिसते?" रोगी म्हणे, "लाल दिसते." मावसाजी म्हणत, "मंग मी कायले पाहू?" तपासणी रोग्याने केलेली असे, त्यांनी फक्त ऐकलेली. थर्मामीटर रोग्याच्या सोबत आलेल्या माणसाने वाचायचे, असा नियम होता. त्याला वाचता येत नसे, म्हणून मावसाजी त्याच्या खांद्यावरून सहज नजर टाकत. सुईच्या बाबतीत अशी काही सोय निघाली नाही. ती ते सरळ टोचत.

या व्यवस्थेत गावाचा वाटा मोठा होता. मोटर स्टँडवर कोणी पँटवाला फाइल घेऊन उतरला की दवाखान्यात निरोप येई. सुयांचा डबा ज्वारीच्या कोठीत जाई आणि ओट्यावर बसलेले रोगी पाहुणे होत. साहेबासमोर पाहुण्यांना चहा द्यावा लागे, म्हणून मावशी एवढ्या सगळ्यांसाठी आधण ठेवी. तापाने फणफणलेली माणसे मुकाट्याने चहा पीत. साहेबाने विचारलेच तर उत्तर ठरलेले होते: डाक्टर अकोल्याचे, आत्ताच्या मोटरीने गेले, हे निसते पुड्या बांधतात. हे उत्तर लहान पोरांनाही पाठ होते. मावसाजींनीच ते पाठ करून घेतले होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर नवा कायदा आला. पदवी नसलेल्या माणसाला यापुढे वैद्यकी करता येणार नव्हती. मात्र जे बरीच वर्षे स्वतः रोगी तपासून औषध देत आले होते, त्यांनी तसे सिद्ध केले तर त्यांची नावे वेगळ्या यादीत घेतली जाणार होती आणि दवाखाना चालू ठेवता येणार होता. मी तेव्हा अमरावतीच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. ही बातमी मीच लावली होती, म्हणून मला कायदा कळतो असा मावसाजींचा समज झाला. ते अमरावतीला आले.

"म्हंजे मी इतके वर्सं जे केलं नाही म्हनून सांगत आलो," ते म्हणाले, "ते केलं म्हनून आता सांगायचं?"

"आणि ते केलं नसेल तर यादीत नाव नाही," मी म्हणालो.

"आन् नाव नाही तं?"

"तर दवाखाना बंद."

मावसाजींना शेत नव्हते. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले, दुसऱ्या डॉक्टरकडे या वयात कंपाउंडर म्हणून कोणी ठेवणार नव्हते. पुड्या आणि सुया सोडून त्यांना दुसरे काही येत नव्हते. शेवटी त्यांनी अर्ज केला. आपण वर्षानुवर्षे कायदा मोडत आलो, हे स्वतःच्या सहीने लिहून देताना त्यांनी सही नेहमीपेक्षा बारीक केली.

चौकशी बाळापूरच्या डाक बंगल्यात ठेवली होती. आदल्या दिवशी मावसाजींनी गाव गोळा केले. मीही होतो. त्यांनी समजावून सांगितले: या वेळी साहेब धरायला येत नाही. मी तपासतो, औषध देतो, सुई मारतो, सगळे खरे सांगायचे. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान डोलावली. "समजलं डाक्टरसाहेब. तुमी काही फिकर करू नोका." आणि त्याने शेजाऱ्याला डोळा मारला. मावसाजींना तो दिसला नाही. मला दिसला, पण त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

चौकशीचे अधिकारी पुण्याकडचे होते. सावकाश, स्पष्ट बोलत. पहिला साक्षीदार तोच शेतकरी.

"हे गृहस्थ तुम्हाला तपासतात का?"

"नाही साहेब. यायले काय समजते? हे निसते पुड्या बांधतात."

मावसाजी खुर्चीत पुढे सरकले. "अरे, खरं सांग ना."

"खरंच सांगून रायलो. डाक्टर अकोल्याचे."

"ते डॉक्टर शेवटचे कधी आले होते?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"आत्ताच गेले साहेब. तुमची चुकामूक झाली."

डॉक्टर नागपूरला गेल्याला कितीतरी वर्षे झाली होती. अधिकाऱ्यांनी अर्जाकडे पाहिले, मग मावसाजींकडे. दुसरा आला, तिसरा आला. सगळ्यांनी तेच सांगितले, आणि वर्तमानपत्राच्या भाषेत सांगायचे तर तपशिलात कुठेही विसंगती नव्हती. एकाने तर मावसाजींना सुईची भीती वाटते असेही जोडले. सगळ्यांच्या साक्षी झाल्यावर म्हातारा दाराशी येऊन माझ्या कानाशी लागला. "साहेबासमोर त्यायले बिचाऱ्याले कबूल करा लागलं. पन आमी सांभाळून घेतलं."

अधिकाऱ्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले. "तुमच्या गावाच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही कधी वैद्यकी केलेलीच नाही. मी काय लिहू?" मावशी दाराशी उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "आता यायनं करावं तरी काय?"

तेवढ्यात कापसाच्या जिनात कामाला जाणारी त्यांच्याच गावची एक बाई शिपायाला बाजूला सारून आत आली. साहेब कंपाउंडरची चौकशी करायला आला आहे, एवढेच तिने ऐकले होते, आणि तिला तक्रार करायची होती.

"या मानसानं मले सुई मारली. ते पिकली. महिनाभर मले बसता आलं नाही."

बाहेरून आवाज आला, "ए बाई, गप बस."

"कावून गप बसू? तुले बसता येते ना?"

अधिकाऱ्यांनी पेन पुन्हा काढले. "सुई कोणी दिली? अकोल्याच्या डॉक्टरांनी?"

"कोनता डाक्टर? म्या तं जल्मात डाक्टर पाहिला नाही. यायनंच मारली. आरसा देल्ला हातात, म्हने जीभ पाह. मंग म्हने ताप हाय."

"ही पहिलीच वेळ?"

"पयली कशाची? माहा लेक झाला तवापासून यायचंच औषध हाय. तो आता वखर हाकते."

मावसाजी उठून उभे राहिले. "बाई, पोराले गोवर आला होता, ते सांगा ना."

"ते तं सांगनारच हाय. तवा बी लाल औषध देल्लं, कडू जहर."

"आन् पायाले गळू झालं होतं ते?"

"ते बी यायनंच फोडलं साहेब. मी लय वरडली."

असे बरेच चालले. जिथे बाई थांबे तिथे आरोपी तिला आठवण करून देई. बाहेरचे गाव हताश होऊन ऐकत होते. अधिकाऱ्यांनी दोन पाने भरली आणि बाईचा अंगठा घेतला. आपल्या तक्रारीची कोणीतरी एवढी दखल घेतली, म्हणून ती समाधानाने परत गेली.

काही महिन्यांनी मावसाजींचे नाव यादीत आले. जिल्ह्यापुरते, आणि डॉक्टर म्हणवून न घेण्याच्या अटीवर. गावाने अट मनावर घेतली नाही. मी त्या आठवड्यात तिथे गेलो होतो. सकाळीच ती बाई ओट्यावर येऊन बसली.

"माह्या तक्रारीचं काय झालं?"

मावसाजींनी तिला खरे ते सांगितले. तिच्या तक्रारीमुळेच सरकारने त्यांना परवानगी दिली होती.

"म्हंजे माही सुई पिकली म्हनून तुमाले सरकारनं मंजूर केलं?"

"तसंच म्हना."

"मंग आता माहं आयका." तिने पदर खोचला. "सुई आतमंदी उकडायची नाही. अथी ओट्यावर, माह्या डोळ्यासमोर उकडायची. माही, आन् बाकीच्यायची बी."

रांगेतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान हलवली. या वेळी त्याने डोळा मारला नाही.

मावशीने स्टोव्ह ओट्यावर आणून ठेवला. मावसाजींनी पातेल्यात सुया टाकल्या आणि चिमट्याकडे हात नेला.

"थांबा," बाई म्हणाली. "पानी अजून खदखदलं नाही."

मावसाजींनी हात मागे घेतला आणि पातेल्याकडे पाहत बसून राहिले.