पायाला ऐकू येणारं गाणं

माझ्या मावसबहिणीला सगळे 'तोफ' म्हणायचे. ती नाचाची गाणी गायला लागली की हॉल दणाणून जायचे, आणि घरी ती सराव करायला लागली की मावशी शिलाई मशीनवरून ओरडायची, "अगं बाई, जरा हळू! माझ्या कानांची दया कर."

चाळिशीत तोफेने ड्रम, कीबोर्ड, सगळा गोंगाट सोडला. नुसती गिटार घेऊन ती कवितेसारखी, हळुवार गाणी लिहू लागली. पहिलंच गाणं मावशीच्या बोटांवरच्या सुईच्या खुणांवर होतं. ते मनासारखं जमायला दोन वर्षं गेली. तोवर मावशीचे कान गेले.

तरी तोफेने ते तिच्याजवळ बसून गायलं. मावशी तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"पुटपुटतेस काय? गा की!"

"गातेच आहे, आई."

"काय?"

"गातेय!"

"मग ते तुझं नाचाचं गा. ते निदान पायाला तरी ऐकू येतं."

तोफेने गिटार खाली ठेवली. लाकडी जमिनीवर पाय आपटत, घसा फोडून तिने ते जुनं गाणं म्हटलं. मावशीने मशीनच्या फळीवर ठेका धरला.

"आत्ता कसं! पण रडतेस कशाला, वेडे?"