गुलाबी हात

काल नातीनं ओट्यावर दोन ग्लास मांडले. "आजी, रंग आधी कशात पसरेल, गार पाण्यात का गरम?" तिनं विचारलं आणि मी माझ्या चौथीच्या वर्गात जाऊन बसले.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. मला भाऊ नव्हता, म्हणून बैलांच्या अंगावर रंगाचे पंजे मीच उठवले होते. "पोरीनं बैल रंगवलं व्हय!" म्हणून पोरं हसली. मी अजून गुलाबी असलेले हात झग्यात लपवले.

बाईंनी हाच प्रश्न विचारला. "दोन्हीत सारखाच," सगळे ओरडले. मी वर्गात कधी बोलत नसे. पण आदल्या संध्याकाळी गार पाण्यात हातांचा रंग हलला नव्हता, आईनं ऊन पाणी दिलं तसं अख्खं घमेलं गुलाबी झालं होतं. मी हात वर केला. "बाई, गरम पाण्यात."

पोरं पुन्हा हसली. बाईंनी गार आणि गरम पाण्याच्या दोन ग्लासांत रंगाचे थेंब सोडले. गार पाण्यात रंग दोऱ्यासारखा लोंबत राहिला. गरम पाण्याचा ग्लास बघता बघता गुलाबी झाला. मी हात खाली घ्यायला लागले, तर बाई म्हणाल्या, "राहू दे वर. बघू दे सगळ्यांना."

त्या वर्षी माझी शाळा सुटली. तो हात मात्र मी पुन्हा लपवला नाही.

"सांग ना आजी," नात म्हणाली. मी हात वर केला.