चावी डोह घराण्यानेच चोरली

माझं लग्न एका चावीवरून मोडायला आलं होतं, आणि ती चावी जगात कुठेच नव्हती. एका पुस्तकात होती.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच बाह्या सरसावतात आणि मला दुकान सांभाळायचं असतं. जादूच्या शाळेची ती जाडजूड मालिका. शाळेच्या दारात एक घंटा. नवीन मूल तिच्याखाली उभं राहिलं की ती आपली आपण वाजते आणि तिच्या सुरावरून ठरतं, पोर कुठल्या घराण्यात जाणार. वणवा घराणं धाडसी, आधी उडी मारणारं आणि मग पाणी किती खोल ते बघणारं. डोह घराणं शांत, आतल्या गाठीचं. आरसा घराण्यात हुशार जातात. उंबरा घराण्यात उरलेले जातात, असं आम्ही म्हणायचो. उंबरावाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. मूळ इंग्रजीत तिथे नुसता 'घर' असा शब्द आहे म्हणे. भाषांतरकाराला तो फिका वाटला असावा, त्याने घराणं केलं. पुढचा सगळा घोळ त्या शब्दाने घातला.

मी वणवा घराण्याची. हे मी ठरवलेलं नाही, माझ्याशी थोडा वेळ बोललेला कोणीही सांगेल. मालवणात बाबांचं होड्यांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथे मी बसते. एखादा खलाशी चुकीचा पार्ट परत घेऊन आला आणि "तूच दिलंस" म्हणाला, की शेजारचा पानवाला टपरीतून डोकं बाहेर काढून बसतो. त्याला फुकटात करमणूक.

तो डोह घराण्याचा. तो म्हणजे आता माझा नवरा. देवगडकडचा, घरची हापूसची कलमं सांभाळणारा, तोंडातून शब्द काढायच्या आधी तो तीनदा चावणारा. आमची ओळख कुडाळात झाली. जिल्ह्यातले या पुस्तकांचे वेडे महिन्यातून एका रविवारी स्टँडजवळच्या हॉटेलात जमायचे. त्यात एक नर्स होती, एक एसटी कंडक्टर होता, पिंगुळीची दोन कॉलेजची पोरं होती आणि वालावलची एक शिक्षिका. नवीन माणूस आला की त्याला मधल्या खुर्चीवर बसवायचं, त्याच्या डोक्यावर स्टीलचा पेला धरून चमचा मारायचा आणि कान देऊन घराणं ठरवायचं. हॉटेलवाल्याने आमच्यापुढे कधीच हात टेकले होते. शिक्षिका उंबरा घराण्याची. भांडण रंगात आलं की ती उठून सगळ्यांच्या ताटलीत भजी वाढायची.

भांडण कायम एकच. चौथ्या भागात शत्रू शाळेवर चालून येतो त्याच रात्री मनोऱ्याची चावी नाहीशी होते. मनोरा उघडता येत नाही आणि शाळा जवळजवळ पडते. वणव्याचा म्होरक्या सगळ्यांसमोर सांगतो, की चावी डोह घराण्याने चोरली. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपतो. त्याच्या दृष्टीने तिथे सुरू व्हायचा.

"कोणी बघितल्यान?" तो शांतपणे विचारायचा. "चोरताना कोणी बघूक नाय." साक्षीदारच नाही, हा त्याचा मुद्दा.

"चोर काय दिवो घेवन चोरी करता?" मी म्हणायचे. कंडक्टर टाळी द्यायचा.

असं भांडता भांडता आमचं जमलं. एका रविवारी तो आला नाही तर मला भांडायला कोणी उरलं नाही, आणि मी भजीसुद्धा खाल्ली नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण पुस्तकापलीकडे गेलंय. दोघांच्याही घरी आमच्या प्रेमाला कोणी आडवं आलं नसतं, पण प्रश्न फार विचारले असते. म्हणून त्याचं नाव माझ्या मावशीच्या कानावर पडेल अशी आम्ही सोय केली. मावशीला वाटलं, स्थळ तिनेच शोधलं. ती अजूनही चारचौघांत तसंच सांगते आणि आम्ही तिला सांगू देतो.

बघायच्या कार्यक्रमाला त्याच्याकडून त्याची आई आणि मोठे काका आले. त्याचे वडील बोटीवर असतात, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे घरातला शेवटचा शब्द काकांचा. काका गावच्या देवळातले मानकरी, जत्रेला गाऱ्हाणं तेच घालतात. देवापुढे उभं राहायचं, "बा देवा म्हाराजा" म्हणून हाक घालायची, गावाचं सगळं सुखदुःख एकेक करून सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. उभा जन्म लोकांकडून होय ऐकत आलेला माणूस तो. आमच्या बैठकीच्या खोलीतही ते बोलायचे थांबले की माझे बाबा नकळत मान हलवत होते.

घावणे आणि नारळाचा रस आला. सगळे जण पाहुण्यांसमोर बोलायचं पुस्तकी मराठी बोलत होते. मग मावशी म्हणाली, मुलांना जरा बोलू द्या, आणि आम्ही मागच्या पडवीत गेलो.

"आपल्याला वाचनाची आवड आहे का?" आत ऐकू जाईल अशा बेताने त्याने विचारलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"आहे," मी म्हटलं. "चौथा भाग विशेष आवडतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं सगळ्यांचं मत आहे.

"त्या भागात एका निरपराध घराण्याची बदनामी झाली आहे," तो म्हणाला.

आणि मग आम्ही कुठे उभे आहोत ते दोघंही विसरलो. पुस्तकी मराठी दोन वाक्यांत गळून पडलं. तो "कोणी बघितल्यान" वर आला आणि मी माझ्या दुकानातल्या आवाजात त्याला सुनावलं, "तुमच्या घराण्यान चावी चोरल्यान ती चोरल्यानच. सगळ्या जगाक म्हायती आसा."

पडवीकडे उघडणारी खिडकी बैठकीच्या खोलीची होती. आतून बशी आपटल्याचा आवाज आला. काका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी घातली होती.

"चल रे," ते पुतण्याला म्हणाले. मग माझ्या बाबांकडे वळले. "चेडवाक बरा शिकवलास."

ते गेले. घावणे ताटलीत तसेच राहिले. मावशी डोक्याला हात लावून बसली. बाबांनी बराच वेळ विचार करून मला विचारलं, "चावी खंयची गो?"

ती कुठची ते मला त्या संध्याकाळी फोनवर कळलं. त्यांच्या देवळात पालखीच्या दागिन्यांची एक पेटी आहे. काकांच्या आजोबांच्या वेळी तिची चावी त्यांच्या घराण्याकडे असायची. ऐन जत्रेच्या आदल्या दिवशी ती नाहीशी झाली आणि पेटी फोडावी लागली. दागिना एकही गेला नव्हता. पण भावकीतल्या दुसऱ्या घराण्याने सांगितलं, की चावी यांनीच चोरली, आणि तेव्हापासून या घराला गावात 'चावीवाले' हे नाव पडलं. पालखी आधी कोणी उचलायची इतक्या साध्या गोष्टीवर जरी बोलाचाली झाली, तरी शेवटी कोणी तरी "गप रव, चावीवाल्या" म्हणतंच. घरात हा विषय काढायचा नाही असा दंडक. त्यामुळे त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. डोह घराणं ते, आतल्या आत ठेवणारं.

"मगे सांग ना काकांका, ती पुस्तकातली चावी म्हणान," मी म्हटलं.

"सांगलंय."

"मगे?"

"मगे ते म्हणाले, आता पुस्तकात पण छापल्यानी?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. दुसरं कोणी आणलं असतं तर मी त्याला दुकानात उभा करून पिस्टन मोजायला लावले असते.

शेवटी त्याने पुस्तकं आणून काकांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, तुम्हीच वाचा. आंब्याचा हंगाम संपला होता, काकांना वेळ होता. ते वाचायला लागले. पहिल्या पानापासून, बोट ठेवून, ओठ हलवत. मला रोज बातमी यायची.

"आज दुसरो भाग संपयल्यानी."

"काय म्हणाले?"

"शाळेतल्या जेवणाक नावां ठेवल्यानी. आणि घंटेखाली पयलो उभो रवाचो मान खंयच्या घराण्याचो, ह्या कित्याक लिवक नाय, म्हणान विचारी होते."

दुसऱ्या दिवशी त्यांचं म्हणणं होतं की उंबरा घराण्याला कसलाच मान नाही हा शुद्ध अन्याय आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी चौथा भाग उघडला आणि बातम्या बंद झाल्या. ते जेवायलाही वेळेवर उठेनात. मग निरोप आला, चेडवाला, म्हणजे मला, घेऊन या.

मी, बाबा आणि मावशी देवगडला गेलो. काका ओटीवर बसले होते. शेजारी चारही भाग, आणि पानापानांत खुणेसाठी माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या काड्या, घातलेले. लांबून बघितलं तर ते झाडूच वाचत बसलेत असं वाटलं असतं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि घसा साफ केला.

"मी सगळा वाचलंय," ते म्हणाले. "डोह घराण्यान चावी चोरूक नाय. म्होरक्या बोललो म्हणान सगळे बोलाक लागले. ह्या तुका मान्य आसा काय? मान्य असात तर नारळ आत्ता फोडतंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत होतं, हो म्हण आणि मोकळी हो. मावशीने मला चिमटा काढला. तो खांबाला टेकून उभा होता, जमिनीकडे बघत. एका होकाराचं काम होतं. लग्न माझ्यासमोर चार हातांवर उभं होतं, आणि माझ्या तोंडून तो होकार निघेना. इतकी वर्षं कुडाळच्या हॉटेलात बसून घसा कोरडा केला तो काय पहिल्याच दिवशी शेपूट घालायला? आणि आज खोटं होय म्हटलं, तर या ओटीवर जन्मभर तेच म्हणत बसावं लागेल, हेही मला दिसत होतं.

"नाय," मी म्हटलं. "पुस्तकातली चावी डोहानच चोरली. माझां मत बदलूचा नाय."

काकांचा हात टोपीकडे वळला.

"पण तुमच्या पेटीची चावी कोणी चोरली, ह्या माका ठावक नाय," मी म्हटलं. "तुमका ठावक नाय, गावात कोणाकच ठावक नाय. पुस्तकातली माणसां खोटी, त्यांका मी कायव बोलान. तुमच्या आज्याक मी चोर म्हणूचंय नाय. कोणी बघूक नाय तर म्हणूचा कसा?"

चौथ्या भागातला एक हीर काकांनी बाहेर काढला, परत घातला, परत काढला. मग आमच्याकडे न बघता ते गुंतल्यासारखे पान शोधत राहिले. मला एकदम फार वाईट वाटलं. मी गंमत म्हणून ओरडत आले ते वाक्य हा माणूस शाळेत असल्यापासून ऐकत आला होता.

"ह्या माका आजपर्यंत कोणी बोलाक नाय," ते म्हणाले. मग बाबांकडे बघून, "चेडू हट्टी आसा. नारळ आणा."

नारळ फुटला. पाणी पिऊन होतंय तोच काकांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "आता मनोऱ्याचो विषय. पान उघड." जेवण निवून गेलं तरी आमचा वाद चालू होता. तो मात्र त्या दिवशी पोटभर जेवला.

लग्नाला कुडाळची सगळी मंडळी आली. शिक्षिका पाहुणी होती, पण पंगतीत तीच वाढत फिरली.

दुसऱ्या दिवशी घरच्या देवापुढे नारळ ठेवायला भावकी जमली. दुसऱ्या घराण्याचे लोकही आले होते, ते सुतकात आणि शुभात येतातच. काका देवापुढे उभे राहिले. त्यांच्या हातात आंब्याच्या खोलीची चावी होती, काथ्याच्या दोरीत ओवलेली, चांगली वितीएवढी. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या वणवा घराण्याच्या चेडवाक आज आमी घरात घेतला हा."

लोकांना वाटलं वणवा हे मालवणकडचं कुठलं तरी घराणं असेल. "होय म्हाराजा."

"तिच्या हातात घरची चावी दिली हा."

"होय म्हाराजा."

"ती हरवली, तर हरवली म्हणान सांगांदे. दुसऱ्या कोणाचा नाव घेव नये."

ओटीवर कोणी बोलेना. प्रत्येकाला वाक्य नीट समजलं होतं. दुसऱ्या घराण्याचे म्हातारे आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते. काका तसेच हात जोडून उभे, त्यांची मान वळली नाही. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग मी नव्या नवरीला न शोभणाऱ्या, दुकानातल्या आवाजात म्हटलं, "होय म्हाराजा."

त्यानंतर म्हातारेही तेच बोलले. आधी एक, हळूच, आणि मग सगळे.