धोंडुबाईचा अंगठा

आमच्या धोंडुबाईचा अंगठा बघितलाय का तुम्ही? नुसता दगड हाय. अंगठा मुडपून म्हशीची धार काढती, लग्न होऊन आल्यापासनं. आधारच्या मशीनला त्यो अंगठा चारदा ठेवल्याबिगर पटतच न्हाय. रेशनच्या दुकानात ही पुढं गेली की मागची रांग खालीच बसती. मी तिची शेजारीण, मी म्हणतो, "धोंडे, तू चोरी केलीस तर पोलिसांस्नी ठसा बी गावायचा न्हाय!"

"गप गं. तूच कर चोरी, मी तुरुंगात दूध घालायला येतो," ही मला.

चेष्टा करतो खरं, पण त्याच अंगठ्यानं तिला खड्ड्यात घातली.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर हिची सासऱ्यापासनंची जागा. संध्याकाळी म्हैस न्यायची, गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढायची, फेसाचा पेला हातात द्यायचा. जागेला कागद न्हाय. ज्याची म्हैस हुबी, त्याची जागा. आणि हिच्या दोन म्हशींतली एक आटली, दुसरी म्हातारी झाली. जागा चार दिस मोकळी दिसली की दुसरा कोण तरी दावं बांधणारच.

पेठ वडगावच्या मौलाची ताजी व्यालेली म्हैस हिनं बघून ठेवलेली. "बाजारापत्तोर थांबतो," मौला म्हणालेला. थोडं पैसं गाठीला होतं, बाकीचं बँकेकडनं काढायचं. मी बी संगं गेलतो.

बँकेतल्या स्नेहल मॅडमनी कम्प्युटरवर बघितलं आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली.

"मावशी, तुमच्या नावावर दोन पोस्टपेड नंबर आहेत. हप्त्यावर घेतलेला भारी फोन आहे. एकही बिल भरलेलं नाही. कर्जाचा स्कोअर पार घसरलाय, कर्ज बसत नाही."

धोंडुबाईनं कनवटीचा बटणाचा फोन काढून टेबलावर ठेवला. "ह्यो भारी व्हय?"

मला हसू येणार होतं, पण तिचं तोंड बघून गिळलं.

मग तिला आठवलं. गेल्या साली रस्त्याकडंला छत्री टाकून एक सिमवाला बसलेला. "मावशी, उमटला न्हाय, परत ठेवा." परत. "आणि एकदा." दुसरी कोण असती तर कावली असती. हिला ती सवयच! उलट "दमलास रं बाबा" म्हणून त्याला तांब्याभर ताक पाजून आली. एका सिमसाठी गेलेली, आणि त्यानं तिच्या अंगठ्यावर काय काय उचललं, देव जाणे. छत्री कधीच गायब झाली.

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर वसुलीवाला आला. भर गिऱ्हाइकात वरडला, "धोंडुबाई कोण? बिलं बुडवून दूध विकताय व्हय?"

गिऱ्हाइकांचं पेलं तोंडाशीच थांबलं. धोंडुबाईचा हात काय थांबला न्हाय.

"पावणं, हळू बोला. म्हैस पान्हा चोरंल."

त्यो जवळ वाकला. "निम्मं भरा आणि मोकळ्या व्हा. उद्या नाव साफ."

निम्मं म्हंजे म्हशीसाठी साठवलेलं सगळंच. तरी मीच म्हटलं, "टाक त्याच्या तोंडावर! कर्ज तरी मिळंल."

रात्रभर तिच्या घरात दिवा होता. सकाळी आधी बँकेत गेली. "मॅडम, भरलं तर नाव साफ होतंय?"

"वसुली थांबेल. पण तडजोड केली म्हणून नोंद राहणार. आणि भरलं म्हणजे बिल तुमचंच होतं, असं तुम्हीच कबूल केल्यासारखं. त्यापेक्षा फोन कंपनीकडं लेखी तक्रार करा, सायबर पोलिसात जावा, स्कोअर ठेवणाऱ्यांना बी कळवा. महिनाभर तरी लागंल."

"आणि म्हैस?"

मॅडमनी तक्रारीचा कागद पुढं सरकवला.

"जे मी घेतलंच न्हाय त्याचा एक पैसा देणार न्हाय," धोंडुबाई म्हणाली आणि थेट पोलिसात. तिथं तक्रारीवर सही करायची तर हिनं हवालदाराकडनं सगळी तक्रार वाचून घेतली. दोनदा!

मग मौलाला फोन. "मौलाभाई, म्हैस दुसऱ्याला द्या. जमत न्हाय."

कारण ऐकून मौलाच म्हणाला, "वाट्यानं बांधतीस? म्हैस माझी, राबणूक तुझी, दूध निम्मं निम्मं. वैरण तू घाल."

डोळं पाण्यानं भरलेलं, तरी ही म्हणती कशी, "वैरण बी निम्मी निम्मी!"

दुसऱ्या संध्याकाळी मौलाची म्हैस येणार म्हणून म्हातारीला घरीच ठेवून आम्ही कट्ट्यावर पोचलो तर हिच्या खुंट्याला दुसऱ्याचीच म्हैस.

"मोकळी दिसली म्हणून बांधली," त्यो म्हशीवाला मान वळवून म्हणाला.

"सोड."

"तुझी म्हैस कुठाय?"

धोंडुबाई खुंट्यापाशी जाऊन हुबी राहिली. हलंना. अंधार पडायला लागला तसा मौलाचा टेम्पो कोपऱ्यावर वळला. त्या बाबानं मुकाट दावं सोडलं.

कंपनीला धाडलेल्या तक्रारीचं उत्तर अजून आलं न्हाय. वसुलीवाला परत आलता, त्याला तक्रारीची पावती लांबनंच दाखवली. निम्मं दूध रोज मौलाच्या कॅनात जातंय. ते वतताना धोंडुबाईचं तोंड बगा, कुणी किडनी काढून नेतंय असं. पण खुंटा तिचाच हाय.